जस्ताचा खडा आणि त्याची चिठ्ठी

जवाहिरीच्या पेढीवर वाढलेल्या मुलाला हिरा, माणिक, पाचू आणि नीलम यांची ओळख अक्षरओळखीच्या आधी होते. भांड्यांच्या दुकानात वाढलेल्या मुलाला तांबे, पितळ आणि काशाचा नाद ऐकून धातू सांगता येतो. परंतु जस्त या धातूकडे आपले फारसे लक्ष जात नाही. जस्ती बादली, जस्ती पत्रा एवढ्यापुरते त्याचे नाव घरात येते. पितळेतही तेच असते, पण तेथे ते तांब्याच्या पोटात दडलेले असते. हे जस्त ज्या पाषाणातून निघते, त्याचे सुंदर स्फटिक जगभरातील खासगी संग्रहांत जिवापाड जपले जातात, हे कळले की प्रथम आश्चर्य वाटते.

त्या खड्याची ओळख करून घेणे हा या लेखाचा पहिला हेतू आहे. दुसरा हेतू आपल्या घरांशी अधिक जवळचा आहे. संग्रह करणे ही व्यापारी कुटुंबांची जुनी आवड आहे. कोणी जुनी नाणी जमवतो, कोणी हस्तलिखिते, कोणी धातूच्या मूर्ती, तर कोणी दगड. संग्रहाला मोल कशाने येते आणि तो परिग्रहाच्या दोषापासून कसा वाचतो, या प्रश्नाचे उत्तर जस्ताच्या इतिहासात फार स्पष्ट वाचायला मिळते.

फसव्या नावाचे रत्न

जस्ताच्या मुख्य खनिजाला ‘स्फॅलेराइट’ म्हणतात. जस्त आणि गंधक यांचे ते संयुग आहे. शुद्ध स्वरूपात त्याच्या वजनाचा सुमारे ६७ टक्के भाग जस्ताचा असतो. हे नाव अर्न्स्ट फ्रीडरिश ग्लॉकर या खनिजशास्त्रज्ञाने १८४७ साली दिले. ते ज्या ग्रीक शब्दावरून आले, त्याचा अर्थ ‘दगा देणारा’ असा होतो. जर्मन खाणकामगार त्याला त्याच्याही पूर्वी ‘ब्लेंड’ म्हणत, त्याचाही अर्थ फसवणारा असाच. कारण असे की हा काळसर, चकाकणारा दगड शिशाच्या ‘गॅलेना’ या खनिजासारखा दिसे आणि बहुधा त्याच्याच शेजारी सापडे. कामगार तो भट्टीत घालीत आणि शिसे मात्र हाती लागत नसे.

ही फसवणूक ओळखण्याच्या युक्त्या आपल्या धंद्यातील कसोटीच्याच जातीच्या आहेत. झिलई नसलेल्या चिनी मातीच्या फरशीवर गॅलेना घासला तर शिशाच्या रंगाची काळसर रेघ उमटते. स्फॅलेराइटचा कस फिकट पिवळसर किंवा तपकिरी येतो. दुसरी खूण वजनाची. गॅलेना पाण्याच्या सुमारे साडेसात पट जड असतो, तर स्फॅलेराइट सुमारे चार पट. सारख्या आकाराचे दोन तुकडे दोन तळहातांवर घेतले की सवयीचा माणूस डोळे मिटूनही सांगू शकतो.

या फसव्या दगडात लोहाचा अंश जितका कमी, तितका तो पारदर्शक होत जातो. काळ्यापासून तपकिरी, मधाळ पिवळा, नारिंगी, तांबडा आणि क्वचित हिरवा अशा छटा त्यात आढळतात. उत्तर स्पेनमधील पिकोस दे एउरोपा पर्वतातील आलिवा खाणीचे मधाच्या रंगाचे स्फटिक संग्राहकांत सर्वाधिक नावाजलेले आहेत. त्यांना पैलू पाडले की जे दिसते, ते हिऱ्याच्या व्यापाऱ्यालाही थबकवील. पांढऱ्या प्रकाशाचे सप्तरंग फोडण्याची शक्ती, जिला जवाहिरीत ‘फायर’ म्हणतात, ती हिऱ्यात ०.०४४ मोजली जाते. स्फॅलेराइटमध्ये ती ०.१५६ आहे, म्हणजे साडेतीन पट.

मग हा खडा अंगठीत का दिसत नाही? कारण तो मऊ आहे. मोह्ज यांच्या काठिण्यश्रेणीत हिरा १० वर असतो, हा साडेतीन ते चारवर. शिवाय तो सहा दिशांनी सहज चिरतो. पैलू पाडणाऱ्या कारागिराच्या हातून थोडा दाब चुकला की खडा दुभंगतो. म्हणून तो बाजारात रत्न म्हणून चालत नाही आणि संग्राहकाच्या पेटीत मात्र मानाने बसतो. उपयोगाची किंमत आणि ज्ञानाची किंमत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याचे याहून सुबक उदाहरण मिळणे कठीण.

जावरच्या भट्ट्या

दगड हाती असूनही त्यातील धातू मानवाला फार काळ हाती लागला नाही. तांबे, कथील, शिसे, लोह हे धातू भट्टीत वितळून तळाशी साचतात. जस्ताची गोष्ट निराळी आहे. त्याच्या भाजलेल्या खनिजातून धातू मोकळा होण्यासाठी सुमारे हजार अंश सेल्सिअसच्या वर उष्णता लागते, आणि जस्त तर ९०७ अंशांनाच उकळते. म्हणजे जन्म होताच ते वाफ होऊन उडते. हवेशी गाठ पडली की जळून पांढरी भुकटी होते. तांब्याबरोबर जस्ताचे खनिज तापवून पितळ करण्याची कला जगात पुरातन होती, पण जस्त स्वतंत्रपणे पकडणे ही अवघड विद्या होती.

ती विद्या मोठ्या प्रमाणावर प्रथम साध्य झाली ती राजस्थानात. उदयपूरच्या दक्षिणेस सुमारे चाळीस किलोमीटरवर, अरवलीच्या डोंगरांत जावर हे स्थान आहे. तेथील खाणी दोन हजार वर्षांहून जुन्या आहेत. १९८० च्या दशकात हिंदुस्थान झिंक, बडोद्याचे महाराजा सयाजीराव विश्वविद्यालय आणि ब्रिटिश म्युझियम यांच्या अभ्यासकांनी तेथे उत्खनन केले, तेव्हा जुन्या भट्ट्या जशाच्या तशा मिळाल्या. मातीच्या, वांग्याच्या आकाराच्या मुशी. एका भट्टीत सहाच्या सहा ओळी, म्हणजे ३६ मुशी. वरच्या कक्षात अग्नी आणि खालच्या कक्षात थंडावा. मुशीचे तोंड खाली असे. आत भाजलेले खनिज, कोळसा आणि थोडे मीठ भरीत. तोंडात एक काडी खोचीत, म्हणजे मूस उलटी धरताना माल सांडत नसे. पुढे काडी जळून जाई आणि तिच्या जागी वाफेला खाली उतरायला वाट उरे. ती वाफ खालच्या थंड पात्रात थिजून जस्त होई.

इतकी साधी आणि इतकी विलक्षण ही युक्ती आहे. निकामी झालेल्या मुशींचे ढीग जावरला आजही आहेत. गावातील जुन्या घरांच्या भिंतीही विटांऐवजी याच मुशी रचून बांधलेल्या दिसतात. युरोपात जस्त गाळण्याचा पहिला यशस्वी धंदा विल्यम चॅम्पियन याने ब्रिस्टल येथे उभारला. त्याने त्याचे हक्कपत्र १७३८ साली घेतले, आणि त्याच्या पद्धतीतही वाफ खालीच उतरवली जाई. १९८८ साली अमेरिकेच्या धातुशास्त्रज्ञांच्या संस्थेने जावरला ऐतिहासिक स्थळाचा मान दिला.

आपल्या रसशास्त्राच्या ग्रंथांनाही हे ठाऊक होते. ‘रसरत्नसमुच्चय’ या ग्रंथात जस्ताच्या खनिजाला ‘रसक’ म्हटले असून त्यातून सत्त्व काढण्याची रीत सांगितली आहे. रसकाचे दोन प्रकार तेथे दिले आहेत: पापुद्र्यांचा तो ‘दर्दुर’ आणि बिनपापुद्र्यांचा तो ‘कारवेल्लक’. कारवेल्लक म्हणजे कारले. जस्ताची काही खनिजे गाठीगाठींच्या, फुगीर पृष्ठभागाची असतात, हे ज्याने पाहिले आहे, त्याला हे नाव वाचून हसू येईल. नाव ठेवणाऱ्याने दगड नीट निरखला होता.

मंदिरे आणि कर्मादाने

जावरच्या परिसरात मध्ययुगीन जैन मंदिरांचे अवशेष आहेत. महाराणा कुंभांच्या कन्या रमाबाई यांनी १४९७ साली तेथे विष्णुमंदिर व कुंड बांधले. धातूच्या खाणीभोवती एक संपन्न नगर वसले होते आणि त्यात आपला समाजही होता, हे ही देवळे सांगतात. पश्चिम भारतातील तेराव्या ते सोळाव्या शतकांतील जिनप्रतिमा पाहिल्या तर त्यांतील पुष्कळशा पितळेच्या आहेत. डोळ्यांत व आसनावर रुपे जडवलेले, आणि पाठीमागे संवत, गच्छ, दात्याचे कुळ आणि प्रतिष्ठा करणाऱ्या आचार्यांचे नाव कोरलेले. आपण ज्यांना सरसकट ‘पंचधातूच्या’ म्हणतो, त्यांतील अनेकांच्या पिवळेपणाचे रहस्य जस्त हेच आहे.

येथे एक प्रश्न टाळता येत नाही. ‘उपासकदशांग’ या आगमात आनंद श्रावकाच्या कथेच्या ओघात पंधरा कर्मादाने सांगितली आहेत, म्हणजे श्रावकाने वर्ज्य करावेत असे धंदे. त्यांत अंगारकर्म आहे, म्हणजे कोळसा व भट्ट्यांचा धंदा. आणि स्फोटकर्मही आहे, म्हणजे भूमी फोडण्याचा धंदा. जस्त या दोन्हींवाचून मिळत नाही. शिवाय खाणीतील माती-पाषाण हे आपल्या शास्त्राच्या दृष्टीने निर्जीव नव्हेत. ते पृथ्वीकाय आहेत. ‘उत्तराध्ययन’ सूत्राच्या छत्तिसाव्या अध्ययनात पृथ्वीकायाचे प्रकार मोजताना लोह, तांबे, कथील, शिसे, रुपे, सोने आणि हिरा यांची नावे येतात. त्या यादीत जस्त नाही. ज्या काळी ते संकलित झाले, त्या काळी जस्त हा स्वतंत्र धातू म्हणून लोकांच्या ओळखीचा नव्हता, याची ही बोलकी खूण आहे.

प्रतिमेच्या तेजापाठीमागे खाणीचा अंधार आणि भट्टीचा धूर आहे, हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. व्यापाऱ्याने स्वतः खाण खोदली नसेल, पण धातू त्याच्या दुकानात आला. ही जाणीव मनात राहिली की वस्तूकडे पाहण्याची दृष्टी बदलते. भूमीतून एकदा निघालेला पदार्थ वाया घालवू नये, त्याची आबाळ करू नये, त्याच्यापासून जे ज्ञान मिळू शकते, ते नष्ट होऊ देऊ नये, एवढे तरी आपण त्याचे देणे लागतो. संग्राहकाच्या कर्तव्याचा आरंभ येथून होतो.

दिल्लीच्या खजिन्यातील श्रावक

हे कर्तव्य उत्तम रीतीने पार पाडणारा एक पुरुष आपल्याच समाजात होऊन गेला. ठक्कुर फेरू हे श्रीमाल कुळातील श्रावक. अल्लाउद्दीन खिलजीच्या दरबारी ते खजिना आणि टांकसाळ यांच्याशी संबंधित अधिकारपदावर होते. बादशहाच्या खजिन्यातील रत्ने त्यांना डोळ्यांनी पाहावयास मिळाली. १३१५ साली त्यांनी ‘रत्नपरीक्षा’ हा प्राकृत ग्रंथ आपल्या पुत्रासाठी रचला. धातूंच्या उत्पत्तीवर त्यांनी ‘धातूत्पत्ति’ लिहिला आणि १३१८ च्या सुमारास ‘द्रव्यपरीक्षा’ या ग्रंथात तत्कालीन नाण्यांची वजने, त्यांतील धातूंचे प्रमाण आणि भाव नोंदवून ठेवले.

खजिना बादशहाचा होता. तो पुढे कोणाकोणाच्या हाती गेला, किती वेळा लुटला गेला, याचा हिशेब नाही. पण एका श्रावकाने मुलासाठी करून ठेवलेली नोंद आज सातशे वर्षांनंतरही नाणेशास्त्राच्या अभ्यासकांना वाट दाखवते. ही नोंद आपल्यापर्यंत पोचली ती दुसऱ्या एका व्यापारी कुटुंबामुळे. बिकानेरचे अगरचंद नाहटा आणि भंवरलाल नाहटा यांनी गेल्या शतकाच्या चौथ्या-पाचव्या दशकांत हस्तलिखितांच्या शोधासाठी आयुष्य वेचले. फेरूंच्या ग्रंथांची पोथी त्यांना कोलकात्यातील एका जैन ग्रंथसंग्रहात मिळाली आणि त्यांनी ती विद्वानांपुढे आणली. ज्या कोणी ती पोथी वेष्टनात बांधून, क्रमांक घालून कपाटात ठेवली होती, त्याचे नाव आज कोणाला ठाऊक नाही. पण त्याच्यावाचून हे घडले नसते.

स्मिथसन यांची पेटी

आता जस्ताच्या दुसऱ्या एका खनिजाकडे वळू. त्याची कथा थेट एका खासगी संग्रहाची आहे. युरोपात जस्ताच्या फिकट, मातकट खनिजांना फार काळ एकच नाव होते: ‘कॅलॅमाइन’. पितळ करणारे कारखानदार ते तांब्याबरोबर तापवीत. ते सर्व एकच द्रव्य आहे की नाही, याची कोणी नीट तपासणी केली नव्हती. लंडनमधील जेम्स स्मिथसन या गृहस्थाने ती केली. तो एका उमरावाचा अनौरस पुत्र. नाव, पद, वारसा यांपैकी बरेच काही समाजाने त्याला नाकारले. त्याने आपले मन खनिजांत गुंतवले. तो युरोपभर हिंडत असे, लहान लहान नमुने जमवीत असे आणि फुंकनळीने ज्योत रोखून तिळाएवढ्या कणाचीही परीक्षा करीत असे.

१८०२ साली रॉयल सोसायटीपुढे त्याचा कॅलॅमाइनवरील निबंध वाचला गेला. ऑस्ट्रियातील ब्लायबर्ग, इंग्लंडमधील मेंडिप डोंगर व डर्बीशायर, आणि हंगेरीतील रेझबान्या या ठिकाणांचे नमुने त्याने तपासले होते. त्यातून निष्पन्न झाले की एका नावाखाली वेगवेगळी खनिजे दडली आहेत: एक जस्ताचे कार्बोनेट, दुसरे सिलिकायुक्त. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की निष्कर्षाचा आधारच ठिकाणांची नावे हा होता. कोणता तुकडा कोणत्या डोंगरातून आला, हे त्याला ठाऊक नसते तर हाती केवळ चार दगड राहिले असते.

स्मिथसन १८२९ साली वारला. १८३२ मध्ये फ्रेंच खनिजशास्त्रज्ञ ब्यूदाँ याने जस्ताच्या कार्बोनेटला ‘स्मिथसोनाइट’ असे नाव दिले. हा दगड आज संग्राहकांचा मोठा आवडता आहे. अमेरिकेतील न्यू मेक्सिको प्रांताच्या केली खाणीतील त्याचे निळसर हिरवे, द्राक्षांच्या घोसासारखे फुगवटे असलेले नमुने विशेष प्रसिद्ध आहेत. ती निळाई तांब्याच्या अंशामुळे येते. कोबाल्टमुळे तो गुलाबी, तर कॅडमियममुळे पिवळा होतो. रंगाचे हे वैविध्य पाहून एकच खनिज असल्याचा विश्वास बसत नाही.

स्मिथसन याने आपली संपत्ती मृत्युपत्राने अशा देशाला ठेवली, जेथे त्याने कधी पाऊल टाकले नव्हते. ज्ञानाची वाढ आणि प्रसार व्हावा, एवढीच त्याची अट होती. पुतण्या निपुत्रिक वारल्यावर ते धन अमेरिकेत पोचले. त्यातून १८४६ साली वॉशिंग्टनमध्ये स्मिथसोनियन संस्था उभी राहिली. त्याच्याबरोबर त्याचा खनिजांचा संग्रहही गेला. त्यात हजारो नमुने होते. २४ जानेवारी १८६५ रोजी संस्थेच्या इमारतीला आग लागली आणि तो संग्रह, तसेच त्याचे बहुतेक हस्तलिखित कागद, भस्मसात झाले.

ज्याच्या नावाने जगातील एक मोठे संग्रहालय चालते, त्याचा स्वतःचा संग्रह उरला नाही. परंतु १८०२ चा निबंध छापला गेला होता, म्हणून त्याने काय पाहिले, हे आजही वाचता येते. दगड गेले, नोंद राहिली. अल्लाउद्दीनच्या खजिन्याचेही तेच झाले. या दोन कथांमध्ये पाचशे वर्षांचे आणि दोन खंडांचे अंतर आहे, पण त्यांचा हिशेब सारखाच जुळतो.

‘पूना’ नावाची चिठ्ठी

याच हिशेबाची उलट बाजू आपल्या महाराष्ट्रात दिसते. आपल्या काळ्या कातळात जस्ताचे साठे नाहीत, पण त्या कातळाच्या पोकळ्यांत अपोफिलाइट, स्टिल्बाइट यांसारखे अप्रतिम स्फटिक वाढतात. वाघोलीचा निळा कॅव्हनसाइट तर जगभर मागितला जातो. एकोणिसाव्या शतकात बोरघाटातून लोहमार्ग काढताना असे स्फटिक मोठ्या प्रमाणावर निघाले आणि परदेशी संग्रहांत गेले. त्यांतील अनेकांबरोबरच्या चिठ्ठीवर एकच शब्द आहे: ‘पूना’. पुणे शहर की घाट, कोणता बोगदा, कोणता थर, काही कळत नाही. दगड सुरक्षित आहे, पण त्याचे गाव हरवले आहे.

म्हणून जाणते संग्राहक दगडाइतकेच त्याच्या चिठ्ठीला जपतात. तीत खनिजाचे नाव, खाण व गाव, मिळाल्याची तारीख आणि आधीच्या मालकाचे नाव असावे. नमुना हातोहात फिरत गेला तर प्रत्येक मालकाची चिठ्ठी मागल्या चिठ्ठीबरोबर ठेवायची. जुनी चिठ्ठी मळकी आहे म्हणून कधीही टाकायची नाही. दगडाच्या न दिसणाऱ्या बाजूला बारीक अक्षरांत क्रमांक घालावा आणि तोच क्रमांक वहीत असावा, म्हणजे चिठ्ठी हरवली तरी दगड अनाथ होत नाही. आपल्या घरांना हे नवे शिकवायला नको. रोजमेळात आलेली प्रत्येक रक्कम खतावणीत आपल्या खात्यावर जायलाच हवी, हा ज्यांचा संस्कार आहे, त्यांना दगडाची चोपडी राखणे अवघड नाही.

जस्ताच्या नमुन्यांपुरत्या चार व्यावहारिक गोष्टी सांगतो. स्फॅलेराइट आणि स्मिथसोनाइट दोन्ही मऊ आहेत, म्हणून त्यांना स्फटिकमण्यांच्या किंवा कठीण खड्यांच्या एकाच खणात ठेवू नये. आम्लाने किंवा चिंचेच्या पाण्याने कधीही धुऊ नये. स्मिथसोनाइट आम्लात विरघळतो आणि स्फॅलेराइटमधून सडक्या अंड्यासारखा विषारी वायू सुटतो. धूळ मऊ कुंचल्याने झाडावी. याच खाणींतून शिशाची खनिजेही निघतात, म्हणून नमुने हाताळल्यावर हात धुवावेत आणि ते लहान मुलांच्या हाती देऊ नयेत. आणि विकत घेताना विक्रेत्याला दोन प्रश्न अवश्य विचारावेत: हा कोठून आला, आणि तेथून परवानगीने निघाला का? उत्तर नसेल तर नमुना कितीही देखणा असला तरी हात आखडता घ्यावा.

मर्यादेचा आनंद

संग्रह हा परिग्रह नव्हे काय, असे आपल्या घरातील वडीलधारे विचारतील, आणि त्यांचा प्रश्न योग्य आहे. श्रावकाच्या पाचव्या अणुव्रतात क्षेत्र, वास्तू, सोने, रुपे, धन, धान्य यांच्याबरोबर ‘कुप्य’ म्हणजे भांडीकुंडी व घरसामान यांचीही मर्यादा करावयाची असते. दगडांची पेटी या मर्यादेच्या बाहेर असूच शकत नाही. ‘तत्त्वार्थसूत्रा’ने परिग्रहाचे मूळ वस्तूत न दाखवता तिच्यावरील आसक्तीत दाखवले आहे. म्हणजे पन्नास नमुन्यांचा धनी निर्लोभ असू शकतो आणि एकाच खड्याचा धनी त्यात बुडून जाऊ शकतो.

ही आसक्ती ओळखण्याची कसोटी कोणती? नोंदवही हीच ती कसोटी, असे मला वाटते. जो माणूस नमुन्याचा संपूर्ण इतिहास लिहून ठेवतो, तो मनोमन मान्य करतो की हा दगड माझ्याआधी दुसऱ्याचा होता आणि माझ्यानंतर आणखी कोणाचा होणार आहे. चिठ्ठीवरील आपले नाव हे मालकांच्या रांगेतील एक नाव आहे, शेवटचे नव्हे. जो नोंद ठेवीत नाही, तो वस्तूला आपल्यातच संपवून टाकतो. त्याच्या पाठीमागे मुलांना पेटीत काय आहे, ते कळत नाही, आणि एका भावात सारे विकले जाते किंवा अडगळीत जाते. आपल्या घराघरांतून जुन्या पोथ्या, नाणी आणि पितळी प्रतिमा अशाच गेल्या आहेत. त्यांच्याबरोबर कुटुंबाची स्मृतीही गेली.

म्हणून ज्यांच्या घरी कोणताही संग्रह आहे, त्यांनी या चातुर्मासात तीन गोष्टी कराव्यात, अशी विनंती आहे. पहिली, किती ठेवायचे, याची संख्या ठरवावी आणि तिच्यापलीकडे जाऊ नये. नवे घ्यायचे तर जुने योग्य हाती द्यावे. दुसरी, प्रत्येक वस्तूची नोंद वहीत करावी आणि घरातील एका तरुण सदस्याच्या हस्ताक्षरात ती करून घ्यावी, म्हणजे ती पुढच्या पिढीच्या ओळखीची होईल. तिसरी, आपल्यानंतर हा संग्रह कोणाकडे जावा, ते लिहून ठेवावे. जवळच्या महाविद्यालयाचा भूगर्भशास्त्र विभाग, एखादे संग्रहालय किंवा ज्ञानभांडार यांच्याशी आपल्या हयातीतच बोलणे करावे.

जैसलमेर आणि पाटण येथील ज्ञानभांडारांनी शतकानुशतके ग्रंथ टिकवले, ते याच शिस्तीने. तेथे केवळ आपलेच ग्रंथ ठेवले नव्हते. इतर दर्शनांच्या आणि व्याकरण, काव्य अशा लौकिक विद्यांच्या पोथ्याही तेवढ्याच आदराने जपल्या गेल्या. पोथी कोणी लिहवून घेतली, कोणत्या संवतात, कोणाच्या श्रेयासाठी, हे तिच्या शेवटच्या पानावर नोंदलेले असे. ती पुष्पिका म्हणजे पोथीची चिठ्ठीच. जस्ताच्या मऊ, फसव्या आणि झळाळत्या खड्याजवळ अशीच एक पुष्पिका असावी, एवढेच मागणे आहे.